खांदा पुन्हा पुन्हा निखळतो? छिद्रे किती ते नव्हे, हाड किती उरले ते विचारा



या आठवड्याचे सदर एका भगिनीच्या पत्राला उत्तर म्हणून लिहीत आहे. पत्र लहानच आहे, पण त्यात एका घराची सगळी काळजी आहे. त्या लिहितात, "माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. गोदामात हमालीचे काम करतो. चार वर्षांपूर्वी कबड्डी खेळताना त्याचा उजवा खांदा निखळला. तेव्हापासून सात-आठ वेळा निखळला. परवा तर झोपेत कूस बदलताना उतरला. एक डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून दोन-तीन छिद्रे पाडून टाके घालू. दुसरे म्हणतात, खांद्यातले हाड झिजले आहे, दुसरीकडचा हाडाचा तुकडा आणून स्क्रूने बसवावा लागेल. कोणाचे खरे मानायचे? घरात त्याच्या एकट्याची मजुरी येते. तो तीन महिने हात बांधून बसला तर चूल कशी पेटायची?"

ताई, जय भीम. तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो तुमच्या एकटीचा नाही. कबड्डी, कुस्ती खेळणारी, ओझी उचलणारी अनेक तरुण मुले असा खांदा घेऊन वर्षानुवर्षे काम करीत असतात. पहिली गोष्ट ही की दोन्ही डॉक्टर खोटे बोलत नाहीत. दोन्ही शस्त्रक्रिया खऱ्या आहेत. त्यांतली कोणती तुमच्या मुलाला उपयोगी पडेल, हे मुख्यतः त्याच्या खांद्यात किती हाड शिल्लक आहे यावर ठरते. म्हणून आज आपण हा हाडाचा हिशेबच समजून घेऊ.

चमच्यावरचे लिंबू

शाळेच्या पुस्तकात खांद्याला 'उखळीचा सांधा' म्हटलेले असते. दंडाच्या हाडाचा वरचा गोल भाग म्हणजे गोळा, आणि पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाला असलेली खोबणी म्हणजे उखळ. पण ही उखळ नावालाच उखळ आहे. ती फार उथळ असते. तिची रुंदी जुन्या एक रुपयाच्या नाण्याएवढी, म्हणजे सुमारे पंचवीस मिलिमीटर. त्या मानाने गोळा बराच मोठा. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले तोंडात चमचा धरून लिंबू नेतात, तसाच हा प्रकार आहे. चमचा उथळ आहे म्हणूनच आपण हात चारी बाजूंना फिरवू शकतो. पण त्याच कारणाने शरीरातल्या मोठ्या सांध्यांपैकी खांदाच सर्वांत जास्त वेळा निखळतो.

लिंबू पडू नये म्हणून निसर्गाने चमच्याच्या काठाला एक मऊ, रबरासारखी किनार दिली आहे. त्या किनारीला सांध्याचे आवरण आणि अस्थिबंध चिकटलेले असतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा हात पकडून मागे ओढला जातो, किंवा माणूस हात वर आणि बाहेर असताना पडतो, तेव्हा गोळा पुढच्या बाजूने बाहेर सटकतो. बहुतेक खांदे असे पुढच्या बाजूनेच निखळतात. त्या वेळी पुढची किनार हाडापासून उपटली जाते. खांदा जागेवर बसवला तरी ती किनार तरुण माणसात पुष्कळदा मूळ जागी चिकटत नाही. म्हणून विशीच्या आतबाहेरच्या मुलांमध्ये एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका फार मोठा असतो.

आता महत्त्वाची गोष्ट. नुकसान किनारीवरच थांबत नाही. कधी पहिल्याच वेळी चमच्याच्या काठाचा तुकडा मोडतो. कधी दर वेळी गोळा काठावरून घासत गेल्याने काठ हळूहळू झिजत जातो. दुसरीकडे, गोळा बाहेर आला की त्याची मागची बाजू चमच्याच्या कडक काठावर आदळते. पितळेचे भांडे दगडावर आपटले की त्याला जसा पोचा पडतो, तसा गोळ्याला पोचा पडतो. म्हणजे चमच्याचा काठ तुटलेला आणि लिंबूही चेपलेले. असे लिंबू चमच्यावर कसे ठरणार?

झोपेत खांदा उतरणे, अंगातला सदरा काढताना उतरणे, हात फारसा वर न नेताही उतरणे, ही हाड गेल्याची लक्षणे असू शकतात. ताई, तुमच्या पत्रातल्या बाकी सगळ्या मजकुरापेक्षा 'झोपेत उतरला' हे दोन शब्द मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

डॉक्टरांनाही हे टप्प्याटप्प्याने कळले

ब्रिटिश शल्यचिकित्सक बँकार्ट यांनी १९२३ साली लिहिले की वारंवार निखळणाऱ्या खांद्याचे मूळ पुढच्या किनारीच्या उपटण्यात आहे. ती पुन्हा हाडाला शिवून टाकणे हा उपाय आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९४० साली अमेरिकेतील हिल आणि सॅक्स या क्ष-किरण तज्ज्ञांनी गोळ्यावरच्या पोच्याचे नीट वर्णन केले. त्या पोच्याला त्या दोघांचे नाव आहे. १९५४ साली फ्रान्समधील लिऑनचे लाटार्झे यांनी झिजलेल्या काठाच्या जागी हाडाचा तुकडा स्क्रूने बसवण्याची शस्त्रक्रिया मांडली.

दुर्बिणीची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. जपानमध्ये ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासायची नळी मृतदेहाच्या गुडघ्यात घालून सांध्याच्या आत पाहिले. पुढे चांगले कॅमेरे आले आणि पेन्सिलीपेक्षाही बारीक, सुमारे चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण सांध्यात घालून कामे होऊ लागली. खांद्याची उपटलेली किनारही मोठी चीर न देता शिवता येऊ लागली. साहजिकच सर्वांना वाटले की आता मोठ्या शस्त्रक्रियेची गरज संपली.

पण काही रुग्णांचे खांदे टाके घालूनही पुन्हा निखळू लागले. असे का व्हावे? २००० साली अमेरिकेचे बर्कहार्ट आणि दक्षिण आफ्रिकेचे डी बीअर यांनी दुर्बिणीतून किनार शिवलेल्या १९४ रुग्णांचा हिशेब मांडला. ज्या १७३ जणांच्या हाडात मोठा दोष नव्हता, त्यांच्यापैकी फक्त ७ जणांचा त्रास परत आला, म्हणजे शंभरात चार. ज्या २१ जणांच्या हाडात मोठा दोष होता, त्यांच्यापैकी १४ जणांचा परत आला, म्हणजे शंभरात सदुसष्ट. दुर्बीण तीच आणि टाके तेच. फरक फक्त हाडाचा होता.

२००३ साली जपानच्या सुगाया आणि सहकाऱ्यांनी वारंवार निखळणाऱ्या शंभर खांद्यांचे सी. टी. स्कॅन काढले. त्यांतल्या नव्वद खांद्यांत खोबणीच्या काठाचा आकार बिघडलेला आढळला. पन्नासांत मोडलेला तुकडा दिसला आणि चाळिसांत काठ सपाट झालेला दिसला. म्हणजे हाडाचा दोष हा क्वचित घडणारा प्रकार नव्हे. तो शोधला तर सापडतो, न शोधला तर राहून जातो.

ताई, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. हाड बरेच गेले असताना नुसती किनार शिवली, तर शस्त्रक्रियेचा खर्च होतो, महिन्यांची मजुरी बुडते, आणि खांदा पुन्हा निखळून तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागण्याची भीती राहते. उलट हाड शाबूत असताना मोठी शस्त्रक्रिया करण्याचेही सहसा कारण नसते.

हाड मोजायचे कसे?

साध्या एक्स-रेमध्ये खांदा निखळलेला दिसतो, पण काठ किती झिजला ते नीट कळत नाही. एम. आर. आय.मध्ये किनार, आवरण, स्नायू चांगले दिसतात. हाडाचा नेमका हिशेब मात्र सी. टी. स्कॅनवर होतो. त्यात संगणकावर गोळा बाजूला करून खोबणी समोरून पाहता येते. खोबणीच्या खालच्या भागावर गोल वर्तुळ आखले की पुढचा किती भाग गायब आहे ते मोजता येते.

साधारणपणे रुंदीचा पाचवा ते चौथा हिस्सा, म्हणजे शंभरात वीस-पंचवीस, गेला असेल तर बहुतेक शल्यचिकित्सक हाड बसवण्याचा विचार करतात. पंचवीस मिलिमीटरमध्ये हे जेमतेम पाच-सहा मिलिमीटर होतात. करंगळीच्या नखाच्या रुंदीपेक्षाही कमी. एवढ्याशा हाडावर एका कमावत्या हाताचे भवितव्य ठरते. आता तर अनेक जण यापेक्षा कमी झीज असली तरी सावध होतात, विशेषतः रुग्ण तरुण असेल, अंगझटीचे खेळ खेळत असेल किंवा अंगमेहनतीचे काम करीत असेल तर. गोळ्यावरचा पोचा किती रुंद आहे आणि हात वर नेताना तो काठात अडकतो का, हेही त्याच हिशेबात धरतात.

तीन प्रकारचे उपाय

पहिला उपाय किनार शिवण्याचा. दुर्बिणीतून काठाच्या हाडात बारीक खुंट्या बसवतात. डॉक्टर त्यांना अँकर म्हणतात. त्यांना जोडलेल्या दोऱ्यांनी उपटलेली किनार आणि आवरण पुन्हा काठाला घट्ट बांधतात. काठाचा मोडलेला तुकडा जागेवरच असेल, तर पुष्कळदा तोही किनारीबरोबर बांधून घेता येतो. हाडाची झीज थोडी असेल तर हा उपाय चांगला.

दुसरा उपाय पोचा भरण्याचा. त्याला 'राँप्लिसाज' असे फ्रेंच नाव आहे आणि त्याचा अर्थच भरणे असा आहे. गोळ्यामागचा स्नायूबंध आणि आवरण पोच्यात खुंट्यांनी रोवतात, म्हणजे पोचा काठात अडकत नाही. हे काम दुर्बिणीतून, किनार शिवतानाच केले जाते. काठ फारसा गेला नाही पण पोचा मोठा आहे, अशा रुग्णाला त्याचा उपयोग होतो.

तिसरा उपाय हाड बसवण्याचा. लाटार्झे शस्त्रक्रिया ती हीच. गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली, खांद्याच्या पुढच्या बाजूला, फऱ्याच्या हाडालाच कावळ्याच्या चोचीसारखा एक उंचवटा असतो. त्याचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा, त्याला चिकटलेल्या स्नायूबंधासकट कापून, झिजलेल्या काठावर बहुधा दोन स्क्रूंनी बसवतात. याने दुहेरी काम होते. चमच्याचा काठ पुन्हा रुंद होतो. शिवाय हात वर-बाहेर नेला की तो स्नायूबंध गोळ्याच्या पुढून झोळीसारखा ताणला जातो आणि गोळ्याला बाहेर येऊ देत नाही. ही चोच आधीच वापरलेली असेल किंवा झीज फार मोठी असेल, तर कमरेच्या हाडाचा तुकडाही घेतात.

ही तिसरी शस्त्रक्रिया पूर्वी चीर देऊनच होत असे. फ्रान्समधील आनसी येथील लाफोस यांनी ती पूर्णपणे दुर्बिणीतून करण्याची पद्धत २००७ साली प्रसिद्ध केली. तेव्हापासून 'हाड बसवायचे म्हणजे मोठी चीर' हे समीकरण राहिले नाही. हाडाचा दोषही आता छिद्रांतून दुरुस्त करता येतो.

मात्र इथे भुलून जाऊ नये. दुर्बिणीतून हाड बसवणे हे अत्यंत कौशल्याचे काम आहे. हाताच्या महत्त्वाच्या नसा त्या जागेच्या अगदी जवळून जातात. ही पद्धत हातात बसायला शल्यचिकित्सकाला बराच सराव लागतो, वेळ जास्त लागतो आणि साहित्यही महाग पडते. सरावलेल्या हातांनी लहान चीर देऊन केलेल्या लाटार्झे शस्त्रक्रियेचे निकालही चांगलेच असतात. चिरेचा व्रण सदऱ्याखाली झाकला जातो. हाड नीट जागी बसणे आणि जुळून येणे ही खरी कसोटी आहे. म्हणून 'छिद्राने करता की चिरून?' हा पहिला प्रश्न नव्हे. पहिला प्रश्न 'हाड किती गेले आहे?' आणि दुसरा प्रश्न 'ही शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का?'

धोके कोणत्याही शस्त्रक्रियेत असतात आणि ते आधी विचारून घेणे हा तुमचा हक्क आहे. जंतुसंसर्ग, नसेला ताण किंवा इजा, हाताची फिरत थोडी कमी होणे, बसवलेले हाड न जुळणे किंवा विरघळून जाणे, स्क्रू सैल होणे, आणि क्वचित खांदा पुन्हा निखळणे, हे मुख्य धोके आहेत.

शस्त्रक्रियेनंतर

सुरुवातीचे तीन ते सहा आठवडे हात झोळीत ठेवतात. बोटे, मनगट आणि कोपर हलवण्याचे व्यायाम मात्र लवकरच सुरू होतात. नंतर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली खांद्याचे व्यायाम वाढवतात. बसवलेले हाड जुळायला साधारण तीन महिने लागतात. जड ओझी आणि कबड्डी यांना चार ते सहा महिने धरून चालावे. नेमका दिवस तुमचे डॉक्टर तपासून सांगतील. बरे वाटते म्हणून सहाव्या आठवड्यात पोते उचलले, तर सगळ्या खर्चावर पाणी पडू शकते.

आणखी एक. बिडी, सिगारेट, तंबाखू, मशेरी यांतले निकोटीन हाड जुळण्याच्या आड येते. घरात कोणी रागावून काही होणार नाही. पण मुलाला समजावून सांगावे की नवे हाड रुजवायचे असेल तर शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच पुडी सोडावी लागेल.

चुलीचा प्रश्न

ताई, आता तुमच्या खऱ्या काळजीकडे येतो. सध्या खांदा जागेवर असेल, तर ही आज-उद्या धावपळ करून घेण्याची शस्त्रक्रिया नव्हे. घराची तजवीज करायला काही आठवडे घेता येतील. पण वर्ष घेऊ नका. खांदा जितक्या वेळा निखळेल, तितके हाड आणखी झिजू शकते. पुढे सांध्याची झीज होऊन कायमचे दुखणे लागण्याची भीतीही असते. मधल्या काळात कबड्डी पूर्ण बंद. डोक्यावर ओझे चढवणे आणि बसच्या वरच्या दांड्याला लोंबकळणेही बंद. मालकाशी बोलून काही महिने नोंदीचे किंवा कमरेखालच्या उंचीवरचे काम मिळते का ते पाहावे.

खर्चासाठी प्रथम सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात, शक्यतो वैद्यकीय महाविद्यालय जोडलेल्या ठिकाणी, अस्थिरोग विभागात दाखवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटावे. ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का, आणि अँकर किंवा स्क्रू बाहेरून आणावे लागतील का, हे दाखल होण्यापूर्वीच विचारावे. मुलाचे ई. एस. आय. कार्ड असेल तर तेही काढून पाहावे. आजारपणाच्या रजेत काही रोख लाभही त्यातून मिळतो.

डॉक्टरांसमोर गेल्यावर माणूस गडबडतो. म्हणून हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत:

१. सी. टी. स्कॅनवर खोबणीचे हाड शंभरात किती गेले आहे?
२. गोळ्यावर पोचा आहे का, आणि तो काठात अडकतो का?
३. या हाडावर नुसती किनार शिवून भागेल का? नसेल तर का नाही?
४. तुम्ही ही शस्त्रक्रिया नेहमी करता का?
५. एकूण खर्च किती, आणि बाहेरून काय आणावे लागेल?
६. हमालीच्या कामावर केव्हा जाता येईल?

सर्वांसाठी चार सूचना

खांदा निखळला तर घरी ओढाताण करू नये आणि हाडवैद्याकडे नेऊन झटका देऊ नये. हाड मोडलेले असू शकते, नसही दुखावू शकते. हात ओढणीने किंवा टॉवेलने गळ्यात बांधून, काही खायला न देता रुग्णालयात न्यावे. तिथे भूल द्यावी लागू शकते, म्हणून पोट रिकामे बरे.

पहिल्यांदा निखळलेल्या प्रत्येक खांद्याला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. वय, काम आणि तपासणी पाहून विश्रांती व व्यायाम यांवरही भागते. पण दुसऱ्यांदा निखळला, तर 'बसवला की झाले' असे म्हणून घरी येऊ नये.

चाळिशीनंतर खांदा निखळला आणि नंतर हात वर उचलता येईना, तर स्नायूबंध तुटला आहे का ते तपासावे.

फेफरे येणाऱ्या माणसाचा खांदा झटक्यात निखळतो आणि त्यात हाडाचे मोठे नुकसान होऊ शकते. फेफरे हा मेंदूचा आजार आहे, बाहेरची बाधा नव्हे. त्याच्या गोळ्या नियमित चालू नसतील, तर खांद्याची उत्तम शस्त्रक्रियाही टिकणार नाही.

ताई, मुलाला घेऊन जाल तेव्हा जुने एक्स-रे, सगळे कागद आणि खांदा किती वेळा, काय करताना निखळला याची यादी बरोबर न्या. आणि झोपेत निखळल्याची गोष्ट सर्वांत आधी सांगा.